म्हाळुंगाखाली बसलेली बाई

चौऱ्याहत्तर साली आम्ही कुंडलला भाड्याच्या घरात राहत होतो. परसात एक काटेरी झाड होतं. त्याला नारळाएवढी, खडबडीत सालीची पिवळी लिंबं लागत. त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रस निघत नाही आणि काटे मात्र बोचतात, म्हणून एका सकाळी घरमालक कुऱ्हाडवाला घेऊन आले.

तेव्हाच केरसुण्या विकणारी एक म्हातारी दारात आली होती. तिनं डोईचा भारा उतरवला, पडलेलं फळ उचलून हुंगलं आणि सरळ बुंध्याशी जाऊन मांडी घातली.

"आवं मालक, ह्ये म्हाळुंग हाय. कोल्लापूरच्या आंबाबाईच्या हातात ह्येच फळ असतंय."

"असंल. रस हाय का त्यात? ऊठ तितनं."

"रस न्हाई, ह्याचा गर खात्यात. तुमास्नी खाया येत न्हाई, त्यात झाडाचं काय चुकलं?"

ती उठेना. देवीचं नाव ऐकून कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. मालक पुटपुटत निघून गेले.

मग तिनं माझ्याकडून विळी मागून घेतली. साल तासून आतल्या जाड पांढऱ्या गराच्या फोडी केल्या आणि त्या उकडून गुळाच्या पाकात कशा मुरवायच्या ते सांगितलं. मी विचारलं, "आजी, भ्या नाही वाटलं?"

"झाड पळालं न्हाई, मंग मी कशाला पळू?" भारा डोईवर घेत ती म्हणाली, "पयली वाटी मालकाच्या घरी धाडा."

मुरंबा झाल्यावर मी वाटी धाडली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्वतः ती रिकामी वाटी घेऊन आल्या. म्हणाल्या, "आनी हाय का?"