भूत गेलं का?

आमच्या ह्यांना भुताच्या सिनेमाचं भारी वेड, आणि भुताची भीती त्याहून भारी. दोन्ही एका माणसात कसं मावत होतं ते मला विचारू नका. सिन्नरच्या एका कारखान्यात ह्यांची नोकरी. सुट्टी अधल्यामधल्या वारी यायची, त्यामुळे दुपारच्या खेळाला थेटर अर्धं रिकामं. गंगापूर रोडवरून बसने आम्ही गावात जायचो आणि मागच्या, दाराजवळच्या खुर्च्या धरायचो. पडद्यावर दार करकरलं, म्युझिक चढायला लागलं की हे डोळे गच्च मिटून माझ्याकडे झुकायचे. “गेलं का?”

“नाही अजून. मिटूनच ठेवा.”

मग जरा वेळाने मी म्हणायची, “गेलं. उघडा.” घरी येताना बसमध्ये राहिलेला सिनेमा मी सांगायची. हे म्हणायचे, डोळे मिटता येतात गं, कान कुठे मिटता येतात, सगळी भीती कानातूनच आत येते. मला स्वतःला भुताचं कधी काही वाटलं नाही. मला ते सांगणं आवडायचं.

हे अचानक गेले. मूलबाळ नव्हतंच. त्यानंतर थेटराचं तोंड बघितलं नाही. तसं एकटीला जाता येतं हो, लेडीजची खिडकी वेगळी, तिकीट पटकन मिळतं. पण शेजारी विचारायला कोणी नसेल तर भूत आलं काय नि गेलं काय.

मग मी पुढची खोली भाड्याने दिली. निफाडकडची मुलगी, इंजिनिअरिंगला होती. वडील द्राक्षांची पेटी घेऊन सोडायला आले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, पोरगी अभ्यासाची हाय. कपड्यांचं तेवढं मनावर घेऊ नका.”

कपडे म्हणजे काळे टीशर्ट. एकावर कवटी, एकावर हाडं, एकावर थडग्यातून वर आलेला हात. आपल्याकडे काळं घालायचं ते संक्रांतीला. समोरची शेजारीण मला विचारायची, “काय हो, तुमच्याकडे रोजच संक्रांत का?” मी ते टीशर्ट उलटे करून वाळत घालायला लागले. उन्हाने रंग विटतो, असं सांगायची.

आणि तिच्या त्या कॅसेटी. पहिल्या दिवशी मला वाटलं भांड्यांचं कपाट कोसळलं. हेवी मेटल म्हणतात म्हणाली. म्हटलं, मेटल आहे हे कळलं. पण एका दुपारी मी तिच्या दारात बसून तांदूळ निवडत होते आणि आत एक गाणं लागलं. आधी लांबून काहीतरी घुमलं, मग एकच सूर ओढत ओढत जवळ आला, मग एकदम सगळं शांत. माझा हात सुपातच थांबला.

“आता येईल बघ,” मी म्हटलं.

आणि धाडकन ढोल सुरू झाले. तिने टेप बंद केला. काकू, तुम्ही हे कधी ऐकलंत, म्हणाली. म्हटलं, अगं अर्धं आयुष्य हेच ऐकलं, ह्याच्यानंतर दार उघडतं.

त्या दिवशी ती खूप बोलली. ही गाणारी मंडळीसुद्धा भुताच्या सिनेमांची वेडी, म्हणे. गाण्यांची नावं त्या सिनेमांतली, कॅसेटवरची चित्रं त्यांतलीच. पैसे देऊन घाबरायला लोक थेटराबाहेर रांग लावतात हे बघून त्यांनी ठरवलं, आपण गाण्यातून घाबरवू. खरंखोटं तिला ठाऊक. पण एवढी गाणी पाठ असलेल्या मुलीने त्यातला एकही सिनेमा बघितला नव्हता. वेळच नाही मिळाला, म्हणाली. मी म्हटलं, चल.

जुन्याच खुर्च्या धरल्या. सवयीने. दार करकरलं, म्युझिक चढलं आणि माझं मनगट कोणीतरी करकचून धरलं. कवटीवाला टीशर्ट घातलेली ती पोरगी डोळे मिटून बसली होती. शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलेलं.

“काकू, गेलं का ते? नाय ना गेलं?”

“नाही अजून. मिटूनच ठेव,” मी म्हटलं. तिने परत विचारलं. मग म्हटलं, “गेलं. उघड.”

पुढची वर्षं चांगली गेली. बसमध्ये मी राहिलेला सिनेमा सांगायची, आणि ती घरी येऊन त्या भुताला शोभेल असं गाणं शोधून लावायची.

शिकून ती बंगलोरला नोकरीला लागली. तिथे मैत्रिणी होत्या, पण डोळे मिटते हे त्यांना कसं सांगणार? मग आम्ही एक पद्धत पाडली. नवा सिनेमा लागला की आधी मी इथे बघायचा आणि फोनवर तिला सांगायचं, कुठे मिटायचे, कुठे उघडायचे. मग ती जायची. त्या दिवसांत एकटी जाऊनही एकटं वाटायचं नाही. कामावर गेल्यासारखी जायची मी.

तिचं लग्न झालं. फोन लांबत गेले. एकदा मीच विचारलं, अगं, नवा लागलाय, सांगू का?

“आता हा सांगतो ना काकू.”

“नीट सांगतो का?”

“कुठलं. परवा उघड म्हणाला आणि ते तिथंच होतं.”

दोघी खूप हसलो. बरं झालं, मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. फोन ठेवल्यावर कुकर लावायचा होता, तो बराच वेळ लावला नाही.

ते थेटर पुढे बंद पडलं. नव्या मल्टिप्लेक्समध्ये आवाज एवढा मोठा, की खुर्ची हलते. तिला आवडला असता. मी मागेच बसते. एकदा शेवटाकडे म्युझिक चढायला लागलं तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, मी डोळे मिटून बघितले. ह्यांचं म्हणणं खरं होतं, कान मिटता येत नाहीत. किंकाळ्या झाल्या, शांत झालं, परत काहीतरी घुमलं. उघडायचे कधी तेच कळेना. तशीच बसून राहिले.

“आजी, सिनेमा सुटला,” दारावरचा माणूस म्हणाला.

उजेड होता. खुर्च्या रिकाम्या. मी त्याला विचारलं, शेवटी काय झालं रे त्या भुताचं? तो म्हणाला, “मी बाहेरच असतो आजी.”