त्याच्या वडिलांचा खांब

तुम्हाला समजायच्या आधीच सगळं समजतं, असं माझी बायको मला म्हणते. लग्नानंतर वर्षभरात म्हणायला लागली ती अजून म्हणते. मी हसण्यावारी न्यायचो. आता नेत नाही, कारण त्या माझ्या समजण्यापायी एका माणसाचं वाटोळं झालं, आणि तो माणूस मला त्यानंतरही रोज सकाळी ‘मॉर्निंग, बॉस’ म्हणायचा. चिडला असता तर बरं झालं असतं.

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. सिंगापूरला, अलेक्झांड्रा भागातल्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअरच्या टीमचा मॅनेजर होतो. हाताखाली नऊ जण, त्यातला एक सामोआचा. पॅसिफिकमधला देश, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला जाईल एवढा. माणूस मात्र धिप्पाड, चाळिशीतला, आणि आवाज इतका हळू की मीटिंगमध्ये त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावावं लागे. लग्न केलेलं नव्हतं. तोआ पायोह भागात एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहायचा. दुपारी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या शेडमध्ये, एकत्र बसायचो, तो फिश सूप घेऊन आणि मी घरचा डबा उघडून.

तिथेच त्याने मला सांगितलं की त्याचे वडील मताई आहेत. मताई म्हणजे घराण्याचा प्रमुख. त्या पदवीला स्वतःचं नाव असतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि ज्याला पदवी मिळते तो ते नाव लावतो. घर, जमीन, घरापुढची थडगी, सगळ्यावर त्याचा शब्द चालतो. गावाची सभा भरते ती भिंती नसलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या असलेल्या घरात. तिथे प्रत्येक मताईचा खांब ठरलेला. त्याने त्यालाच पाठ टेकून बसायचं. ज्याला खांब नाही त्याला त्या सभेत तोंड नाही.

“अरे, ही तर आमची पाटीलकी!” मी पोळीचा घास हातात तसाच धरून म्हणालो.

आमच्या घरात पाटीलकी होती. होती म्हणजे कोणे एके काळी. सरकारने वतनं काढून घेतली ती माझ्या जन्माच्याही आधी. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. क्वीन्सटाउनच्या सरकारी इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणारा मी, पण लिफ्टमध्ये माझ्याआधी कोणी घुसलं की आतला पाटील खाकरायचा. मुलीला एकदा हा सगळा इतिहास सांगायला बसलो तर ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, नोबडी केअर्स लाह.” म्हणून मग मी तो इतिहास या सामोअनला ऐकवायचो. तो बिचारा मन लावून ऐकायचा. मला वाटायचं, आमचं दोघांचं दुखणं एकच आहे.

त्या वर्षी त्याचे वडील गेले. शेवटच्या घटकेला तो तिथे पोचला होता, आठ दिवस राहून परत आला. आल्यावर पहिल्याच दुपारी त्याने सांगितलं, वडिलांनी जाताना त्याचा हात धरून दोनच गोष्टी मागितल्या. माझा खांब तू घे. आणि तुझ्या आईला माझ्या शेजारी ठेव. त्यांच्याकडे थडगं घरासमोरच असतं. वडिलांच्या डाव्या हाताला आईपुरती जागा मोकळी ठेवली होती. पण ती जागा मोकळी राहायची की नाही हे ठरवणार नवा मताई. म्हणून त्याला पदवी हवी होती. मिरवायला नको होती, आईसाठी हवी होती. हे मला तेव्हा नीट कळलं होतं, म्हणून तर आज स्वतःला माफ करता येत नाही.

चार-पाच महिन्यांनी घराण्याने मताई निवडायची बैठक ठरवली. त्याने तीन आठवड्यांची रजा टाकली. नेमकं त्याच महिन्यात आमचं गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम सुरू व्हायची होती.

“एका मीटिंगला तीन आठवडे?” मी विचारलं.

“सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठत नाहीत, बॉस. कधी दोन दिवसांत होतं, कधी दोन आठवडे लागतात.”

“पण तू थोरला ना?”

“हो.”

“मग झालं की! थोरल्याची पदवी पळून कुठे जाते? आमच्याकडे पाटलाचा थोरला तो पाटील. मग तो गावात असो नाहीतर लंडनला असो. सप्टेंबरमध्ये जा आणि बस खुशाल खांबाला टेकून.”

“आमच्याकडे तसं...” तो म्हणाला, आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. त्या वर्षी त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू व्हायचा होता, आणि शिफारस माझ्याकडून जायची होती. मला ते माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मी त्याला धमकी दिली नाही, द्यायची गरजच पडली नाही.

“ओके, बॉस,” तो म्हणाला.

मी सिस्टिममध्ये त्याची रजा नामंजूर केली. कारण लिहायचा रकाना होता, त्यात ‘गो-लाइव्ह’ असं लिहिलं.

घरी आल्यावर बायकोला हा किस्सा मी रंगवून सांगितला. ती भाजी निवडत होती. तिला हसू आलं नाही.

“अहो, तीन आठवडे मागितले ते उगाच का? त्याला नीट विचारलंत तरी?”

“तू आता मला पाटीलकी शिकव!”

“मी कशाला शिकवू? तुम्हाला समजायच्या आधीच समजतं ना,” ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

बैठक तिसऱ्या दिवशी उठली. त्यानंतरच्या सोमवारी हॉकर सेंटरमध्ये त्याने मला त्याच हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्याकडे थोरला असणं पुरत नाही. मुलगा, भाऊ, पुतण्या, कोणीही मताई होऊ शकतो. जो घराची सेवा करतो, जो सगळ्यांसमोर येऊन बसतो, आणि ज्याच्या नावाला सगळे हो म्हणतात, पदवी त्याची. त्याच्या आत्या त्याच्या बाजूने होत्या. दोन दिवस त्यांनी बैठक ताणून धरली, येईल म्हणून. एका आत्याने फोन लावून मध्यभागी धरलासुद्धा. तेव्हा सगळ्यांत म्हातारा मताई म्हणाला, जो इथे बसलेला नाही तो बोलू शकत नाही. आत्याने फोन बंद केला. पदवी चुलतभावाला गेली. तो गावातच राहणारा, याच्या वडिलांना शेवटपर्यंत जेवण नेऊन देणारा.

“अरे, मग हे आधी सांगायचं नाहीस का मला?” मी ओरडलो. त्यालाच! निलाजरेपणालाही काही सीमा असते म्हणतात, मला ती त्या दिवशी सापडली नाही.

त्याच आठवड्यात क्लायंटने गो-लाइव्ह महिनाभर पुढे ढकललं. मेल वाचून मी टॉयलेटमध्ये जाऊन उभा राहिलो. बाहेर येऊन त्याच्यासमोर जायचं धाडस होत नव्हतं.

सप्टेंबरची रजा मी तो मागायच्या आधी मंजूर केली. वरातीमागून घोडं. तो गेला, चुलतभावाच्या पदवीच्या समारंभाला. तिथे ज्यांना पदवी नाही त्यांनी वाढायचं असतं. आमचा सीनियर इंजिनियर, चाळीस ओलांडलेला, कमरेत वाकून थाळ्या नेत होता, आणि त्याच्या वडिलांच्या खांबाला पाठ टेकून चुलतभाऊ बसला होता.

“लाज वाटली का रे?” तो परत आल्यावर मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

“वाढण्यात लाज कसली, बॉस? मीही लहानपणापासून वाढत आलोय. फक्त आई जिथे बसली होती तिकडे मी बघितलं नाही.”

त्याचा पास रिन्यू झाला. माझी शिफारस जोरदार होती. मी त्याला बढती दिली, चांगला प्रोजेक्ट दिला, दिवाळीला घरी बोलावलं. बायकोने त्याला आग्रह करकरून चकल्या वाढल्या आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काय काय केलं तरी त्यातून काहीच भरून निघत नाही, हे मला दर वेळी कळायचं, आणि तरी मी पुन्हा काहीतरी करायला जायचो.

तीन वर्षांनी त्याची आई गेली. सकाळी त्याचा मेसेज आला, आणि मी मेट्रोत, एमआरटीमध्ये, उभ्या उभ्या दहा दिवसांची रजा मंजूर केली. हवे तर अजून घे, असंही लिहिलं.

तो लवकरच परतला. आम्ही त्याच टेबलावर बसलो. सूप समोर होतं, पण त्याने चमचा उचलला नव्हता.

“ठेवलं ना रे तिला वडिलांच्या शेजारी?” मी विचारलं.

“नाही.”

चुलतभावाला मुलं झाली होती, घर पुरत नव्हतं. त्याने पुढे सिमेंटच्या दोन खोल्या वाढवल्या होत्या, वडिलांच्या थडग्याच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून. वाईट माणूस नाही तो, हे त्याने मला दोनदा सांगितलं. आईला मागच्या बाजूला नेलं, नीरफणसाच्या झाडाखाली. तिथून समोरचं थडगं दिसत नाही, मध्ये घर येतं.

“पण तू बोलायचंस ना! वडिलांचा शब्द होता. सभेत उठून सांगायचंस सगळ्यांना!”

त्याने माझ्याकडे बघितलं. रजा नाकारली त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

“कुठल्या खांबाला टेकून सांगू, बॉस?”

सॉरी म्हणालो असेन, आठवत नाही. एवढा मोठा पाटील मी, सगळी पाटीलकी तोंडात घेऊन तिथे मुक्यासारखा बसलो. मला रडायला येत होतं, आणि आपण रडलो तर हाच माणूस आपली समजूत घालत बसेल, या लाजेने मी रडलो नाही.

त्याने थंड झालेलं सूप बाजूला सारलं.

“बॉस, दहा दिवस मंजूर झाले होते. मला सातच लागले. उरलेले तीन परत जमा करशील?”

वर जाऊन मी ते केलं. कारणाचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘गरज उरली नाही.’