ती ह्यांना ‘अरे’ म्हणायची

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एप्रिलमधल्या एका रविवारी ह्यांची कॉलेजातली मैत्रीण मुरबाडहून आमच्याकडे शहापूरला आली. मुरबाडच्या शाळेत ती शिकवायची. “तिला आज माहुलीचा गड आन् भातसा धरण फिरवून आणू,” हे म्हणाले आणि शेजाऱ्यांची जीप मागून आणली. मी भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून घेतली.

जीपमध्ये मी पुढे, ती मागे. बोलणं मात्र सगळं माझ्या डोक्यावरून चाललेलं. “अरे, तुला आठवतं का...” ती सुरुवात करायची आणि हे स्टिअरिंगवर हात आपटून हसायचे. असं हसणं मी घरात ऐकलं नव्हतं. मी ह्यांना अहो-जाहो करायची, नावसुद्धा घ्यायची नाही. तिच्या तोंडून ‘अरे’ किती सहज यायचं!

माहुलीच्या पायथ्याशी देवळाजवळ आम्ही जेवलो. ओढा आटला होता. “लेक्चर बुडवून आमी इथंच यायचो,” हे मला कौतुकानं सांगू लागले. गड आमच्या मागच्या दारातून रोज दिसायचा. मला त्यांनी तिथं एकदाही आणलं नव्हतं. मी उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

दुपारी भातसाच्या पाण्याकाठी पोचलो. धरणात तिचं गाव गेलं होतं, हे मला तिथंच कळलं. पाणी खाली गेल्यामुळे चिखलात दगडी जोत्यांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. ती नुसतीच बघत उभी राहिली. ह्यांनी बोट केलं, “ती चिंच होती ना, तिच्या डावीकडं तुमचं अंगण.” तिचे डोळे भरले. ह्यांनी खिशातला रुमाल काढून तिला दिला. मीच सकाळी इस्त्री करून दिलेला.

तिचं घर पाण्याखाली गेलेलं. मला वाईट वाटलंच. पण तिचं अंगण कुठं होतं हे ह्यांना इतकं नेमकं ठाऊक असावं, ह्याचं जास्त वाईट वाटलं.

तिला मुरबाडला सोडून परतताना मी पुढे न बसता मागे, तिच्या जागेवर बसले.

“काय झालं गो?”

“काय नाय. मला गडावर न्या. पार वरपर्यंत.”

“आत्ताच तर जाऊन आलो!”

“ती होती म्हणून गेलो. आता मला न्या.”

पुढच्या रविवारी अंधार असतानाच आम्ही निघालो. चढ अंगावर येणारा, माझ्या पायांत साध्या चपला. वाटभर हे सांगत होते, इथं बसायचो, इथं करवंदं खायचो. मी पुढे चालत राहिले. माथ्याजवळ लोखंडी शिडी लागली आणि हे थबकले.

“पुढचं मला नाय माहीत. आमी इथनं माघारी फिरायचो. तिला उंचीची भीती वाटायची.”

मला इतका आनंद झाला, की दम लागलाय हेच विसरले. पदर खोचला आणि ह्यांच्या आधी शिडी चढले. वर पोचल्यावर हे लहान मुलासारखे इकडं तिकडं बघत होते. खाली तानसा तलावाचं पाणी चमकत होतं.

ती अजूनही आमच्याकडे येते. मी तिला आवडीनं जेवायला वाढते. दोघांच्या गप्पा माहुलीवर आल्या, की मात्र मी ताट ठेवून मध्येच बसते आणि माथ्यावरून काय काय दिसतं ते तिला सविस्तर सांगते.