डबल लाइन

त्या वर्षी आमच्या गावाच्या वाट्याला एवढी प्रगती आली की ती ठेवायची कुठे असा प्रश्न पडला. राहुरीच्या अलीकडे आमचं गाव. घर रेल्वे लाइनीच्या या बाजूला, रान पलीकडे. आधी विजेच्या तारा आल्या, मग जुन्या लाइनीशेजारी दुसरी लाइन आली. फाटक बंद झालं आणि बदल्यात भुयारी रस्ता मिळाला. त्यात चार महिने कमरेएवढं पाणी असतं. म्हशी तेवढ्या खूश झाल्या. माणसं पूर्वीसारखी वरूनच लाइन ओलांडत राहिली.

विजेची पहिली गाडी आमच्याकडे थांबणार नव्हती. म्हणून गावाने हार खांबाला घातला. नारळ फोडायचा मान माझ्या वडिलांना, दादांना मिळाला. गाडी लांब असतानाच माल की पॅसेंजर हे ते आवाजावरून सांगायचे, आणि अर्धं गाव त्यांच्या शब्दावर लाइन ओलांडायचं. मला ती थोडी मिजास वाटायची, पण त्यांचं चुकत नसे. त्यांचा नियम साधा होता. एक गाडी गेली की पाऊण तास लाइन आपली. एकेरी लाइनीवर जन्म गेलेल्या माणसाचा नियम तो.

दिवाळीनंतर एका सकाळी ते म्हैस घेऊन रानात निघाले. मालगाडी जाईपर्यंत शहाण्यासारखे थांबले, शेवटचा डबा गेला तसे निघाले. तेवढ्यात मालगाडीच्या आडून दुसऱ्या लाइनीवर समोरून विजेची गाडी आली, आवाज न करता. दादा पार झाले होते. म्हैस झाली नव्हती. तुटलेलं दावं त्यांच्या हातात राहिलं.

चौकशीला साहेब आले. गाडीला किती उशीर झाला ते त्यांनी लिहून घेतलं. म्हशीसाठी कागदावर रकाना नव्हता. गाडी दिसली नाही का, असं त्यांनी विचारलं.

"दिसली की," दादा म्हणाले. "म्या सोता जाताना पाह्यली तिला."

पुढे आठवडाभर टपरीवर हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. हसणाऱ्यांत दादांच्या शब्दावर लाइन ओलांडणारेच जास्त होते.

मी नगरला नोकरी करते. रविवारी घरी आले आणि त्यांच्याबरोबर रानात निघाले. वाटभर मी त्यांना बोलत होते. म्हैस गेल्याचं दुःख होतंच, पण आपण वडिलांना गमावून बसलो असतो या विचाराने माझा नुसता संताप होत होता.

लाइनीशी आलो तेव्हा एक गाडी नुकतीच गेली होती. दादा थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी पाय उचलेनात. एका बाजूला वळण, दुसऱ्या बाजूला वेड्या बाभळी. धड काही दिसत नव्हतं.

"तू सांग," ते म्हणाले. "जायाचं का?"

मला जन्मात कधी मालगाडी आणि पॅसेंजर ओळखता आली नाही. मी कान दिला. वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना आणि मला भयंकर भीती वाटली.

"चला," मी म्हणाले.

दादांनी माझं मनगट धरलं आणि मान खाली घालून ते माझ्यामागे चालू लागले.