दाराजवळची वायर

जठारपेठेतल्या एका मेकॅनिकनं मला फसवलं आणि बोल मात्र माझ्या बायकोला लागला. काल इस्त्रीच्या वायरचा जळका वास आला आणि तो प्रकार पुन्हा डोक्यात चढला. आमचा जुना डिशवॉशर बंद पडला होता. तासभर खाटखूट करून मेकॅनिक म्हणाला, "मशीनचा सर्किट बोर्ड उडाला, भाऊ. वहिनीनं कपड्याची पावडर टाकली असन, फेस आत गेला." बायको म्हणाली, "मी काहून टाकू?" मी तिच्यावरच ओरडलो आणि नव्या बोर्डाच्या भावासाठी घासाघीस करत बसलो, जुना खरंच गेला का, हे विचारलंच नाही. नवा बसवल्यावर जुना बोर्ड मात्र मी ठेवून घेतला, कारण बदललेला भाग मी कोणालाच नेऊ देत नाही. पंधरा दिवसांत मशीन पुन्हा थांबलं. मूर्तिजापूरला मोटरपंप दुरुस्त करत मी वर आलोय, वायर मला कळते. प्लग काढून खालचं झाकण मीच उघडलं. दाराच्या बिजागरीपाशी एका वायरला त्या मेकॅनिकनंच गुंडाळलेली नवीकोरी काळी टेप होती आणि टेपखाली तार तुटलेली होती, दाराच्या उघडझापीनं झिजून. ती पक्की जोडली, जुनाच बोर्ड परत बसवला आणि दार लावलं. मशीनमध्ये पाणी भरू लागलं. "आता सांगा, फेस कुठी हाये?" बायकोनं विचारलं. मी तिथंच तिची माफी मागितली. आज तीन वर्षं झाली, त्या मेकॅनिकनं मात्र मागितलेली नाही. त्यानं माझ्या स्वयंपाकघरात यावं आणि तिच्यासमोर उभं राहून सांगावं, तुटलेली तार दिसत असताना तिचं नाव कशाला घेतलं?