शिअर आपोआप बसतो

मिरा रोडला राहायला आल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती सिल्व्हर पार्कमधल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे. कन्सल्टंट हा शब्द त्यांच्या पाटीवर होता म्हणून वापरतेय. वन रूम किचनमध्ये ऑफिस. हॉलमध्ये साहेबांचं टेबल आणि माझा ड्रॉइंग बोर्ड, ओट्यावर ड्रॉइंगच्या नकला, म्हणजे अमोनिया प्रिंट, काढायची पेटी. साहेबांची सगळी विद्या म्हणजे एक शिक्का आणि दहा-बारा जुनी ड्रॉइंग. नवं काम आलं की त्यातलं जवळचं ड्रॉइंग काढायचं, वर ट्रेसिंग पेपर लावायचा आणि मालकाचं नाव बदलायचं. याला ते डिझाइन म्हणत.

लोखंडी बीमबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं. "मोमेंट बघ. शिअर आपोआप बसतो."

बीमवर वजन ठेवलं की तो मधे वाकतो, ते कुणालाही दिसतं. वजनाच्या त्या वाकवण्याला मोमेंट म्हणतात. त्याच वेळी आधारापाशी ते वजन बीमला उभं कापू बघतं, ते मात्र दिसत नाही. त्या कापण्याला शिअर म्हणतात, आणि तो सोसतो बीममधला उभा पत्रा, म्हणजे वेब. तयार मिळणाऱ्या बीमचा वेब सहसा पुरेसा जाड असतो, त्यामुळे साहेबांचं वाक्य बहुतेक वेळा खरं ठरायचं. हेच वाईट. आळशी माणसाला बहुतेक वेळा खरं ठरणारं वाक्य मिळालं की तो पुढे काही शिकत नाही.

खारी गावाच्या पलीकडे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलची भांडी करणारा कारखाना होता. मालकाला गाळ्यात पोटमाळा हवा होता. उंची कमी, म्हणून लहान बीम आणि मोठा बीम एकाच पातळीत जोडायचे ठरले. तसं जोडायचं तर लहान बीमच्या टोकाचे वरचे-खालचे पट्टे कापावे लागतात. साहेबांनी जुनं ड्रॉइंग काढलं, मी ते गिरवलं. गिरवणाऱ्याच्या रकान्यात सही माझी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

पोटमाळा उभा राहिला. मग कुणीतरी एक्झॉस्टचा पाइप न्यायला एका बीमच्या टोकाशीच गॅसने भोक पाडलं, जेवणाच्या ताटाएवढं. मालकाने फोन करून साहेबांना भोकाचं सांगितलं आणि विचारलं, त्या बीमवर पत्र्याच्या जड थप्प्या कुठे ठेवू? साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "बीच में मत रखो सेठ. एकदम किनारे पे रखो, बीम को आराम मिलेगा." फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. अनुभव म्हणतात तो हाच, असं ते हसणं होतं.

मी वही काढली. थप्पी टोकाला नेली की बीम कमी वाकतो, हे बरोबर. पण मग जवळजवळ सगळं वजन त्या एका टोकातूनच खाली उतरतं. आणि त्याच टोकाचे पट्टे कापलेले, वेबला भोक. उरलेल्या पत्र्यावर येणारा ताण परवानगीच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. तीनदा गणित केलं. साहेबांपुढे ठेवलं तर त्यांनी वहीवर चहाचा कप ठेवला.

"कॉलेजातलं आता विसर," ते म्हणाले. "शिअरने बीम गेलेला मी आजवर पाहिला नाही."

त्यांनी बीमच किती पाहिले होते, हा प्रश्न मी विचारला नाही.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. मी एकटीच गेले. पोटमाळ्याचं काम केलेला वेल्डर, राई गावचा एक वयस्कर माणूस, तिथे जिना पक्का करत होता. त्याच्याकडून शिडी घेऊन मी त्या टोकापाशी चढले. भोकाच्या दोन्ही बाजूंना लाल प्रायमरचे तिरपे पापुद्रे निघाले होते, आणि वेबला हात लावला तर पत्रा एका बाजूला फुगलेला लागत होता. मी वेल्डरला वर बोलावलं. त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाय, ह्यो रंगाचा दोष न्हाय. लोखंड ताणलंय."

सोमवारी साहेब स्वतः आले. मालक, मी, वेल्डर आणि चार कामगार खाली उभे. साहेबांनी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खिशातल्या किल्लीने पापुद्रा खरवडला. "प्रायमर हलका है, सेठ. घासून परत रंग मारा." मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला. दुपारपर्यंत तिथे नवा लाल रंग लागला. एवढा देखणा मूर्खपणा मी पुन्हा पाहिला नाही.

घरी जाऊन साध्या कागदावर मी मालकाला पत्र लिहिलं. हा बीम या टोकाशी फाटेल, थप्प्या ताबडतोब उतरवा, भोकाच्या दोन्ही बाजूंना आठ मिलिमीटरच्या प्लेटा वेल्ड करा. खाली सही आणि माझी डिग्री. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या हातात दिलं.

त्याने पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, ये लिख के क्यूं दिया?"

"बोललं तर तुम्ही साहेबांना फोन कराल."

बीमची भीती त्याला वाटली नव्हती. कागदाची वाटली. उद्या काही झालं तर हा कागद कुणाच्या हातात जाईल, एवढंच त्याने पाहिलं. खाली माणसं काम करतात, हे त्याच्या बोलण्यात एकदाही आलं नाही. पण तासाभरात थप्प्या उतरल्या, आणि मला तेवढंच हवं होतं.

साहेबांनी मला त्याच दुपारी काढून टाकलं. "माझं नाव खराब केलंस," म्हणाले. मी पेन, स्केल आणि वही पिशवीत भरली. वहीवर कपाचा गोल डाग तसाच होता. त्यानंतर त्यांनी मालकाला प्लेटांचं ड्रॉइंग पाठवलं, असं ऐकलं. माझ्याच पत्रावरून, खाली स्वतःचा शिक्का मारून.

काही दिवसांनी मी मुद्दाम कारखान्यात जाऊन आले. प्लेटा बसल्या होत्या, वेल्डिंग सुबक होतं. पण प्लेटा जाड दिसल्या. मी वेल्डरला विचारलं, "आठ लिहिल्या होत्या ना?"

"बारा लावल्या."

"का?"

तो हातमोजे काढत म्हणाला, "तुमच्या हापिसचा कागद हाय ना, म्हून चार जास्ती."

मी आता त्या ऑफिसात नाही, असं सांगायचं ओठावर आलं होतं. पण पट्टे कापायचं ड्रॉइंग त्याने माझ्या सहीचंच पाहिलं होतं. मी मान हलवली आणि निघाले. पुढच्या महिन्यात अंधेरीला नोकरी लागली. तिथे पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी विचारलं, मोमेंट झाला, शिअर तपासलास का? मी हो म्हणाले आणि त्यांच्यासमोर पुन्हा एकदा तपासून दाखवला.