पत्र्याच्या डब्यातल्या गोळ्या

गावची आशाताई महिन्याच्या महिन्याला बीपीच्या गोळ्या घरी आणून द्यायची. फुकट. मी घ्यायचो आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचो. लातूरकडच्या मुरुडच्या बाजूला आमचं रान. पाऊस पडला तर पडला. अशा मुलखात हाती आलेली चीज कुणी लगेच संपवत नाही. बियाणं ठेवतो, कडबा ठेवतो, तशा गोळ्या ठेवल्या. मला काही दुखत नव्हतं. दुखलं की खाऊ, असं माझं गणित. चौथी शिकलेल्या माणसाचं, पण पक्कं.

ती विचारायची, "आबा, रोज गोळी घेता ना?"

"हाव."

"मग बीपी खाली का येईना?"

"उन्हातून आलो, पोरी. तुझं यंत्रबी तापलंय."

ती हसायची अन् वहीत लिहायची.

सोयाबीन काढायच्या दिवसांत एका सकाळी उजव्या हातातला तांब्या गळून पडला. उचलायला गेलो तर हात ऐकेना, जीभ जड. पोरानं गाडी बोलावली. निघताना मी डाव्या हातानं फळीवरचा डबा दाखवला. बायकोला वाटलं कागदपत्रं असतील, तिनं तो सोबत घेतला.

लातूरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. तिनं डबा उघडून एकेक पाकीट खाटेवर मांडलं. एकही फोडलेलं नव्हतं. पोरगा माझ्याकडं बघतच राहिला.

"दवा हाय माझ्याकडं," मी कसंबसं म्हणालो. तोंड वाकडं, तरी ऐटीत.

"आबा, ही असं होऊ नये म्हणून घ्यायची होती. झालेलं ती परत फिरवत नाही."

खाट फुकट, डोक्याचा फोटो फुकट, सुया फुकट. म्हणून काही खर्चच झाला नाही, असं मी दोन दिवस समजत होतो. तिसऱ्या दिवशी खाली बघितलं. खाटा संपलेल्या, आणि साप चावलेला एक सालगडी सतरंजीवर कण्हत होता. त्याला साप चावला त्यात त्याची चूक नव्हती. माझी खाट मी हट्टानं मिळवलेली. एक डॉक्टरीण, दोन नर्सबाया, हात हलवायला शिकवणारा एक माणूस माझ्यात अडकलेले. पोरगा उशाशी, रानातलं सोयाबीन भिजून गेलेलं. हे सगळं, रोज गोळीवर एक घोट पाणी प्यायचं चुकवलं म्हणून.

घरी आल्यावर आशाताई आली. माझ्या शब्दावर तिनं दोन वर्षं वहीत 'घेतात' असं लिहिलं होतं. बोलायचा तिला हक्क होता, आणि मीही भांडायच्या तयारीत बसलो होतो. तिनं बायकोकडं फक्त पाणी मागितलं. उजव्या हाताला अजून पाकीट फुटत नाही. तिनंच फोडून गोळी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली.

"मी काय लेकरू हाय का?"

"न्हाई आबा. लेकरं पटकन घेतात."

गिळली. तोंड उघडून दाखवलं नाही, तिनंही मागितलं नाही. वहीत मात्र तिनं या वेळी 'घेतात' असं लिहिलं नाही, 'आज समोर घेतली' असं लिहिलं.